तळं कुणाचं, ते सांगा

खारेपाटात माझं आजोळ. अलिबाग आणि पेणच्या मधली ती खाडीकाठची सखल जमीन: भाताची खाचरं, खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध आणि बऱ्याच घरांच्या मागे एकेक तळं. जोत्याच्या भरावासाठी माती काढली की खड्डा राहायचा, पावसाने तो भरायचा आणि मामा त्यात जिताडा या खाडीतल्या माशाची पिल्लं सोडायचा. पावसाळ्याच्या तोंडावर ही बोटभर पिल्लं भरतीबरोबर उघाडीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, आत यायची, ती धरून आणायची. पुढे दोन-तीन वर्षं तळ्यातली बारकी मासळी खाऊन ती वाढायची. वैशाखात पाणी गुडघ्यावर आलं की तळं ओढायचं. त्या दिवशी आळीतली सगळी पोरं काठावर. जाळ्यात चार-पाच किलोचा जिताडा उसळला की आरडाओरडा, आणि संध्याकाळी घरोघर कैरी घातलेलं कालवण. सगळ्यात मोठा मासा मात्र जावयासाठी नाहीतर पाहुण्यासाठी राखलेला असायचा.

हा पाळलेला मासा आहे, तेव्हा नको, असं त्या गावात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट कुणाच्या तळ्यातला जिताडा जास्त चवदार, यावर मोठी माणसं हिरिरीने वाद घालत.

आता त्याच तळ्याच्या घरची माझी मामी पुण्यात मुलाकडे राहते. मंडईत रोहूच्या पाटीपुढे आम्ही उभे होतो. तिने एकदा वाकून पाहिलं आणि मागे सरली. "तळ्यातला ना? नको." मी म्हटलं, मामी, आयुष्यभर तू तळ्यातलाच जिताडा खाल्लास. त्यावर ती म्हणाली, "तो आपल्या तळ्यातला. हा कुणाच्या तळ्यातला, काय खाऊन वाढला, कोण सांगणार?"

पाळलेल्या माशाला गिऱ्हाईक का मिळत नाही, यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. मामीच्या प्रश्नाइतकं नेमकं निदान त्यांतल्या एकातही नव्हतं. मराठी माणसाला तळ्याचं वावडं नाही. त्याला अनोळखी तळ्याची धास्ती वाटते. हे ज्याला पटलं, त्याला मासा कसा विकायचा याची निम्मी वाट सापडली. बाकीचे अजून जाहिरातीच्या मागे आहेत.

प्रश्न किती मोठा आहे ते आधी पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ साली जगात पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पहिल्यांदाच पकडलेल्यांच्या पुढे गेलं. भारतात २०२२-२३ मध्ये सुमारे १७५ लाख टन मासळी निघाली, त्यातली १३१ लाख टन समुद्राबाहेरची, म्हणजे तळी, धरणं, नद्या आणि कोळंबीची खाजणं यांतली. २०२० साली केंद्राने २०,०५० कोटी रुपयांची मत्स्य संपदा योजना आणली आणि दरडोई मासळीचा खप ५ किलोवरून १२ किलोवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं. शेततळी खोदली गेली, धरणांत पिंजरे बसले, माशांची पिल्लं, म्हणजे बीज, तयार करणारी केंद्रं उभी राहिली. आणि समुद्र? २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित केलं गेलं, ते त्याची संख्या घटते आहे म्हणून. पापलेट, सुरमई, रावस यांच्यावरच सगळ्या महाराष्ट्राची भूक भागेल हे दिवस गेले. पाळलेला मासा वाढणार आहे. तो कुणाच्या ताटात जाणार, हे ठरायचं आहे.

गिऱ्हाइकाची नापसंती म्हणजे अडाणीपणा, असं धरून चालणारे लोक या धंद्यात फार आहेत. "लोकांमध्ये जागृती केली पाहिजे" हे त्यांचं आवडतं वाक्य. माझं म्हणणं उलट आहे. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक हरकतीत काहीतरी खरं आहे. ते आधी ऐकलं पाहिजे.

पहिली हरकत वासाची. "मातकट लागतो." हा मनाचा खेळ नाही. तळ्यातल्या नीलहरित शेवाळांपासून आणि काही सूक्ष्मजीवांपासून जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते माशाच्या चरबीत साठतं. माणसाचं नाक या द्रव्याच्या बाबतीत कमालीचं तीक्ष्ण आहे. एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे पाच-दहा भाग असले तरी आपल्याला कळतं. आणि हेच ते द्रव्य, जे पहिल्या पावसात तापलेल्या जमिनीतून वर येतं, ज्याला आपण मृद्गंध म्हणतो आणि ज्याच्यासाठी दारात येऊन उभे राहतो. अंगणात तो वास हवाहवासा वाटतो, ताटात नकोसा होतो. यात गिऱ्हाइकाचं काही चुकत नाही. चुकतं ते तळं ज्याचं आहे त्याचं. मासा विकण्याआधी काही दिवस त्याला उपाशी ठेवून स्वच्छ, वाहत्या पाण्यात राखलं की हा वास बराचसा निघून जातो. त्यासाठी वेगळी टाकी लागते, पाणी लागतं, त्या दिवसांत माशाचं वजनही थोडं घटतं. खर्च होतो म्हणून हे केलं जात नाही, आणि मग गिऱ्हाईक नाक मुरडतं म्हणून त्याला नावं ठेवली जातात.

आपल्या स्वयंपाकघराला याचं उत्तर केव्हाच सापडलेलं आहे. आंबटाने जिओस्मिन मोडतं. नदीच्या माशाला चिंचेचा कोळ, तळ्याच्या माशाला कैरी नाहीतर कोकम, तळण्याआधी लिंबू लावून ठेवणं, हे आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकता बसवलेलं आहे. मासा विकणाऱ्याने पाटीवर एवढं जरी सांगितलं, की ताई, याला सुरमईसारखा नुसता तिखट-हळद लावून तळू नका, चिंच लावून अर्धा तास ठेवा, तरी पहिल्यांदा नेणारं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल.

दुसरी हरकत काट्यांची. ही मला फारशी पटत नाही. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक दुफाट्याचे काटे असतात हे खरं, पण करलीत काय कमी असतात? करली आणि पाला या दोन काटेरी माशांवर जीव टाकणारी माणसं कोकणात घरोघर आहेत. करलीचे काटे कसे टाळायचे हे आई मुलाला शिकवते, रोहूचे कुणी शिकवलेले नाहीत, इतकाच फरक. बंगालमध्ये रोहू लग्नाच्या आहेरात नवरीसारखा सजवून पाठवतात. तिथल्या मासेवाल्याला पोटाची तुकडी कुठली आणि पाठीची कुठली हे सांगावं लागत नाही. आपल्याकडे रोहूसुद्धा सुरमईसारखा आडवा कापून हातात देतात आणि घरी पोराच्या घशात काटा अडकला की तो मासा त्या घरातून कायमचा जातो.

तिसरी हरकत सगळ्यात गंभीर. "काय खाऊन वाढला?" इथे मी पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या बाजूने आहे. थाई मांगूर या माशाच्या पालनावर देशात २००० सालापासून बंदी आहे आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती पुन्हा बजावली. तरीही ठाणे-पुणे जिल्ह्यांत चोरून केलेली मांगुराची तळी सापडत आली आहेत, मत्स्यविभागाने टनावारी मासे नष्ट केले आहेत. कत्तलखान्यातला कुजका माल या माशाला घातला जातो हे लोकांनी बातम्यांत पाहिलं आहे. उजनीत पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून उतरतं, हेही लोकांना माहीत आहे. एवढं पाहिलेल्या माणसाने तळ्यातल्या माशाबद्दल शंका घेऊ नये, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

औषधांचंही तसंच. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविकं मत्स्यपालनात वापरायला आपल्याकडे बंदी आहे. युरोपला जाणाऱ्या कोळंबीचं तळं उपसण्याच्या आधीच तिची या औषधांसाठी तपासणी होते, दाखला मिळाला तरच माल पुढे जातो. कारण तिथलं गिऱ्हाईक माल परत पाठवतं. त्याच किनाऱ्यावरची कोळंबी नाशिकच्या नाहीतर सोलापूरच्या बाजारात आली तर तिच्याबरोबर कुठला दाखला असतो? मला आजवर एकाही पाटीवर दिसलेला नाही. परदेशी माणसाच्या पोटाची जी काळजी आपण घेऊ शकतो, ती आपल्या माणसाची घेत नाही, हे मला लाजिरवाणं वाटतं. देशी बाजारासाठी तशी तपासणी सुरू होत नाही, तोवर पाळलेल्या माशाच्या प्रचारावर सरकारने एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं मत आहे.

इथे हटकून अंड्याचं उदाहरण दिलं जातं. १९८२ साली बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने कोंबडीपालकांनी नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी स्थापन केली, तिचं मुख्यालय आपल्या पुण्यातच. "संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे" ही ओळ देशभर पोचली आणि अंडं घरोघर गेलं. मग माशाचं का होऊ नये? त्या संघटनेबद्दल मला आदर आहे. दलालांच्या हातातला भाव तिने उत्पादकांच्या हातात आणला, हे तिचं खरं मोठं काम, जाहिरात नंतरची. पण अंडं कवचात बंद असतं आणि एका अंड्यासारखं दुसरं असतं. तळ्यांचं तसं नसतं. एक तळं नितळ, शेजारचं सांडपाण्याचं. सगळ्या तळ्यांची मिळून एकच जाहिरात केली, तर चांगल्या तळ्याचं नाव वाईट तळ्याच्या कामी येतं आणि वाईट तळ्याची बातमी चांगल्याला बुडवते. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा लागण नसलेल्या जिल्ह्यांतही कोंबडीचा खप कोसळला होता. कारण कोंबडी कुठली, हे गिऱ्हाइकाला ओळखता येत नव्हतं. ओळख नसली की संशय सगळ्यांवर सारखाच बसतो.

आणि जाहिरातीपेक्षा वाईट एक गोष्ट या धंद्यात चालते: लपवणं. पुण्यातल्या एका हॉटेलात मी रावस मागवला होता. पांढरी, मऊ, बिनकाट्याची, बिनवासाची वडी आली. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला रावस कळतो. तो बासा होता, पाळलेला पंगस. पोऱ्याला विचारलं तर तो गप्प. मला पैसे गेल्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते बासाबद्दल. तो मासा वाईट नाही. काटे नाहीत, वास नाही, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सोपा. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या भावाने तो विकता आला असता. दुसऱ्याच्या नावाने विकला की ज्या दिवशी ते उघडं पडतं त्या दिवशी गिऱ्हाईक मनात एवढीच खूणगाठ बांधतं, की पाळलेला मासा म्हणजे फसवणूक. कोळंबीचं वेगळंच. व्हॅनामेई ही जात पाळायला भारतात २००९ मध्ये व्यापारी परवानगी मिळाली आणि आज हॉटेलांत मिळणारी बरीचशी कोळंबी तळ्यातली असते. "आम्ही पाळलेलं खात नाही" म्हणणारी कितीतरी माणसं ती आवडीने खातात. त्यांना ते सांगायला हवं होतं. चव आवडल्यावर सांगितलं असतं तर निम्मी भीती तिथेच गेली असती.

लपवायचं सोडून तेच पुढे केल्याचं एक उदाहरण नॉर्वेचं आहे. जपानी लोक सामन कच्चा खात नसत, कारण त्यांच्याकडच्या समुद्रातल्या सामनमध्ये परजीवी असत. १९८० च्या दशकात नॉर्वेचे लोक आपला पाळलेला सामन घेऊन तिथे गेले. आमचा मासा पाळलेला आहे, त्याला आम्ही काय खायला घालतो ते आम्हाला माहीत आहे, म्हणूनच तो कच्चा खाता येतो, असं त्यांनी सांगितलं. पटायला वर्षं लागली. आज सामनची सुशी जगभर खाल्ली जाते. समुद्राच्या माशाच्या पोटात काय गेलं हे कुणीच सांगू शकत नाही, तळ्याच्या माशाचं सांगता येतं. एवढं मोठं बळ हातात असताना आपण ते दडवून ठेवतो.

ताजेपणाचंही बळ असंच वाया जातं. समुद्रावर जाणारी मोठी बोट आठ-दहा दिवसांनी बंदराला लागते, मग लिलाव, बर्फ, ट्रक. २०१८ च्या जुलैमध्ये गोव्यात बाहेरून आलेल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा बोभाटा झाला आणि सरकारला काही दिवस आयात थांबवावी लागली. ती भीती मुळात अंतराची होती. लांबून येणारा मासा टिकवायला कुणी काय घातलं, याची. तळं जर तीस-चाळीस किलोमीटरवर असेल तर पहाटे ओढलेला मासा सकाळी नऊला पाटीवर येतो. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत, ऐन आषाढात, बाजारातली "ताजी" सुरमई कुठून येते याचा विचार गिऱ्हाइकाने करावा. तळ्याच्या माशाने आपली ओळख करून द्यायला याहून चांगले दोन महिने नाहीत.

मी खाडीकाठचा आहे, तेव्हा हेही सांगतो. ज्याच्या दारात सकाळी बांगडा आणि तारली येते त्याने तीच खावी. ती स्वस्त आहे, आणि हृदयाला चांगली म्हणतात ती चरबी तिच्यात रोहूपेक्षा जास्त आहे. रोहू म्हणजे गरिबाची सुरमई वगैरे सांगून कुणाला भुलवू नये. जिताड्यासारखा मांसाहारी मासा पाळायचा तर त्याला खायला लहान मासेच लागतात, म्हणजे समुद्रावरचा भार सगळा उतरत नाही, हेही कबूल केलं पाहिजे. कटला, रोहू, मृगळ यांचं तसं नाही, ते पाण्यातल्या बारीक जीवांवर, पेंडीवर आणि कोंड्यावर वाढतात. पाळलेला मासा हवा आहे तो लातूरला, जालन्याला, साताऱ्याला, जिथे समुद्राची मासळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोचते. प्रचार मुंबईच्या मॉलमध्ये करून काय उपयोग?

आणि "महाराष्ट्रात तळ्यातला मासा कुणाला आवडत नाही" असं म्हणणाऱ्यांनी एकदा भंडारा-गोंदियाला जावं. तिथे जुन्या मालगुजारी तलावांचं जाळं आहे, ढिवर समाजाचं जगणं त्यावर चाललेलं आहे आणि मासा म्हणजे तलावातलाच मासा. तिथल्या बाजारात मरळ आणि रोहूला मान आहे, पापलेट परका. तलाव कुणाच्या संस्थेकडे आहे हे गावाला माहीत असतं. मामीचा प्रश्न तिथे पडतच नाही.

मग करायचं काय? माझं उत्तर फार साधं आहे आणि ते करायला जाहिरात संस्था लागत नाही. पाटीवर एक फलक: गाव कुठलं, तळं कुणाचं, ओढलं कधी, खाद्य काय. पाण्याचा आणि औषधांचा तपासणी अहवाल, सहा महिन्यांच्या आतला, मागितला की दाखवायचा. आणि हे सांगण्याचं काम द्यायचं कोळणींना. पिढ्यान्‌पिढ्या बाजाराचा भरवसा त्यांच्यावर आहे. आमच्या घरी येणारी कोळीण आईला कितीदा तरी सांगायची, "आज बोंबील नको घेऊस, कालचे हायत." त्या दिवसाचा तिचा धंदा बुडायचा, पण पुढच्या वीस वर्षांचं गिऱ्हाईक पक्कं व्हायचं. आज पाळलेला मासा या बायकांना वगळून ट्रकमधून थेट दुकानात आणि मोबाइलच्या ॲपवर जातो. त्यांना तो परका वाटतो, थोडा शत्रूही वाटतो. त्यांना तळ्यावर न्या, खाद्याची गोणी दाखवा, पहिली टोपली उधारीवर द्या. कोळणीने एकदा "घे गो, मी बघितलंय तलं" म्हटलं, तर माझी मामीसुद्धा घेईल.

मामाचं तळं आता माझी मामेबहीण सांभाळते. उघाडीतून येणारी पिल्लं कमी झाली, म्हणून ती बीज विकत आणते. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनाच्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं प्रजनन बंदिस्त पाण्यात करून दाखवलं, त्यामुळे हे शक्य झालं. वैशाख जवळ आला की तिला पेण-पनवेलहून फोन सुरू होतात, तळं कधी ओढणार म्हणून. यंदा तिने पहिल्यांदाच पाणी तपासून घेतलं आणि अहवाल ओटीवरच्या भिंतीला चिकटवला. येणारी माणसं तो वाचतात, मान डोलावतात आणि मग घराला वळसा घालून मागे तळं बघायला जातात.